माझ्या अंगावरचा सहाशे बारा

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची पट्टी आहे. पण मी कुठे आहे असं विचाराल, तर मला नीट उत्तर देता येणार नाही. थोडी मी इथे, शाळेच्या रसायनशाळेत, खिडकीजवळच्या खिळ्यावर आहे. बाकीची मी गावभर पसरले आहे.

माझा जन्म इथलाच. खिडकीतून बर्फाखालचा डोंगर दिसतो ना, त्याच्या पोटातून मला काढलं, वितळवलं, लाटलं आणि वीतभर लांब कापून शाळेला दिलं. तेव्हा मी चांगली जाड होते. पुढे खाण बंद पडली. डोंगरातून नवं तांबं येईना, म्हणून मलाच जपून वापरू लागले.

माझं काम सांगायला सोपं आहे. काचेच्या भांड्यात मोरचुदाचं निळं पाणी घेतात. बॅटरीचा लाल चिमटा मला लावतात आणि काळा चिमटा एखाद्या पितळी चावीला. दोघींना पाण्यात सोडतात. हळूहळू चावीवर तांबूस चमक चढते. मुलं ओरडतात, "आली, आली!" चावीचं कौतुक होतं आणि ती कुणाच्या तरी खिशातून घरी जाते. मी मात्र थोडी हलकी होऊन बाहेर येते. एकदा जुनी, मुलामा चढलेली एक चावी परत आली. तिच्या अंगावर मीच होते. तिला ओळख द्यावी की स्वतःला, हे मला कळेना. तेव्हापासून मी गोंधळलेलीच आहे.

या गोंधळात हेल्मीने भर घातली.

हेल्मी हक्किला वरच्या वर्गातली मुलगी. तिचे आजोबा, ज्यांना ती उक्की म्हणायची, याच डोंगरात काम करून म्हातारे झाले. खाणीत उतरताना प्रत्येकाने फळीवरून आपल्या क्रमांकाचा पितळी बिल्ला न्यायचा आणि वर आल्यावर परत खिळ्यावर टांगायचा, अशी रीत होती. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून खाली. उक्कींचा क्रमांक सहाशे बारा. खाण बंद झाली त्या दिवशी बिल्ला त्यांच्या खिशातच राहिला. आता त्यांना दिसत नव्हतं. सकाळी अंगठ्याने तो आकडा चाचपल्याशिवाय ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत.

आकडा झिजत चालला होता. त्यावर तांबं चढवून बिल्ला पुन्हा भक्कम करायचा आणि आजोबांच्या हातात ठेवायचा, असं हेल्मीने ठरवलं. म्हणून तिने तो त्यांच्या कोटातून न विचारता काढून आणला.

तिने लाल चिमटा बिल्ल्याला लावला आणि काळा मला.

मित्रांनो, मी दचकले. एरवी माझ्यातून काहीतरी निघून जातं. त्या दिवशी काहीतरी माझ्याकडे येऊ लागलं. होतं तांबंच, पण माझं नव्हतं. मी जाड होत होते आणि समोर बिल्ला खरवडल्यासारखा दिसत होता. मला ओरडता आलं असतं तर!

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या ट्रेवॅरो बाई फिरत फिरत या टेबलापाशी आल्या.

"हेल्मी! लाल चिमटा कुणाला लावलास?"

"बिल्ल्याला, बाई."

"का गं?"

"थंडीत गाडी बंद पडली की लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीला लावतात ना? उक्कींनीच शिकवलंय. इथे मेलेला बिल्लाच आहे."

बाईंना हसू फुटणार होतं, तेवढ्यात त्यांनी बिल्ला वर काढला. मग त्या हसल्या नाहीत. बिल्ल्याचं अंग खडबडीत झालं होतं. आकडा शोधावा लागत होता.

"गुपचूप परत ठेवते कोटात," हेल्मी रडवेली होऊन म्हणाली.

"त्यांच्या अंगठ्याला कळणार नाही असं वाटतं तुला? फोन कर घरी."

घर मागच्याच गल्लीत होतं. उक्की काठी टेकत, टोपीवर बर्फ घेऊन आले. हेल्मीने बिल्ला त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हा माझा नाही," ते म्हणाले.

हेल्मीला हुंदका आला. तिने सगळं सांगितलं. लाल चिमट्याचंही.

"म्हणजे मीच शिकवलं," उक्की म्हणाले. "बरं, जे गेलं ते कुठे गेलं?"

"पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जस्त पाण्यात गेलं, ते यातून परत चढत नाही," बाई म्हणाल्या. "तांबं मात्र या पट्टीवर आहे."

"तुमचे आजोबा कॉर्नवॉलहून इथे आलेले, खाणीचे मुकादम! आमचं तांबं ठेवून घ्यायची तुमच्या घराण्याची खोड काही जात नाही, बाई."

"परत करते की! चिमटे बदलले की झालं. शेवटी आलेलं आधी निघेल."

"खाणीत उतरायच्या पिंजऱ्यासारखं, शेवटी चढलेला आधी बाहेर," उक्की म्हणाले आणि कोट न काढता स्टुलावर बसले.

चिमटे बदलले. मी परत देऊ लागले. पण त्यांचं कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं, हे मला अजूनही सांगता येत नाही. बिल्ला लालसर, जाड होऊन बाहेर आला. आकडा मात्र आला नाही. मुलामा चढतो, अक्षर उमटवत नाही.

बाईंनी शाळेच्या कर्मशाळेतून आकड्यांचे ठसे आणि हातोडी आणली.

"हेल्मी, ठसा तू धर. हातोडी मी मारतो."

"उक्की, तुम्हाला दिसत नाही!"

"खाणीत कुणाला दिसत होतं? एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा. धरणारा हलला नाही की झालं. आधी कशावर तरी मारून बघू."

हाताशी मीच होते. तीन घाव माझ्यावर पडले. हेल्मीने डोळे मिटले होते, पण हात हलू दिला नाही. सहा, एक, दोन. मग तेच बिल्ल्यावर. उक्कींनी अंगठा फिरवला आणि बिल्ला खिशात टाकला. मग मला चाचपलं.

"ही रोज कुठे असते?"

"खिडकीजवळच्या खिळ्यावर," बाई म्हणाल्या. "मुलांना आठवण राहिली तर. नाहीतर पाण्यातच."

"पाण्यात नका ठेवू. खिळ्यावर टांगा. खाण बंद झाली तेव्हापासून फळीवरचा माझा खिळा रिकामाच आहे."

मित्रांनो, नवी मुलं माझ्यावरचा आकडा वाचतात आणि विचारतात, हा कुणाचा? माझा म्हणावा की त्यांचा, मला ठरवता येत नाही. तुम्ही एवढंच करा. चिमटा लावण्याआधी विचारा. आणि काम झालं की मला निळ्या पाण्यात विसरू नका. धुवा, पुसा, खिळ्यावर टांगा. सहाशे बारा वर आला, हे कुणीही आत येताच दिसलं पाहिजे.