रविवारचं रनिंग

वर्षभर माझा नवरा अश्विन नाशिकमध्ये जुनी गाडी बघत होता. बघत होता म्हणजे नावं ठेवत होता. पंचवटीतल्या एका गाडीचा क्लच जड, सातपूरच्या गाडीचा मालक फारच गोड बोलतो म्हणून संशयास्पद. आवळा देऊन कोहळा काढायची त्याला भारी हौस, आणि कोहळेवाले काही खुळे नसतात.

त्या शनिवारी पाथर्डी फाट्याला दिनेश भामरे नावाच्या गृहस्थांची डिझेल गाडी बघायला गेलो. सतरा सालची, पांढरी, किंमत चार लाख दहा हजार. दिनेशची बदली चाकणला झाली होती, तिथे कंपनीची गाडी मिळणार होती, म्हणून ही विकायची. आमच्यासोबत सासूबाई होत्या, नांदगावच्या लताबाई; मी त्यांना आईच म्हणते. डोळे दाखवायला दोन दिवस आल्या होत्या, घरी एकट्या बसून काय करतील म्हणून त्यांनाही घेतलं. त्या समोर असल्या की मी अश्विनला अहो म्हणते, एरवी नावानंच.

अश्विनने खिशातून आमच्या फ्रिजवरचं स्ट्रॉबेरीचं चुंबक काढलं. पत्र्याला चिकटलं तर ठीक, नाही चिकटलं तर आत पुट्टी भरलेली, म्हणजे गाडी ठोकलेली, असं त्याने मोबाईलवर बघितलं होतं. स्ट्रॉबेरी चारही दारांना आनंदाने चिकटली. मग त्याने ऑइलची पट्टी बाहेर काढून हुंगली. घरात दूध नासलंय का, हे मला हुंगायला लावणारा माणूस!

गरवारे पॉइंटपर्यंत चक्कर मारली. मी पुढे त्याच्या शेजारी, आई मागे. गाडी चांगली होती, उगाच खोटं कशाला बोला. मला खटकत होतं ते वेगळंच.

"अहो," मी म्हणाले, "हीच गाडी पेट्रोलमध्ये पंचवटीत तीन-वीसला होती. नव्वद हजार जास्त का द्यायचे? तुमचं ऑफिस घरापासून चार किलोमीटर. डिझेल परवडायला रनिंग लागतं, गाडी लांब लांब पळावी लागते."

घोडं नेमकं तिथेच अडलं. डिझेलचा पिकअप त्याच्या मनात भरला होता, पण पिकअपचा हिशोब मांडता येत नाही. सिग्नल सुटला, त्याने गिअर टाकला.

"नांदगाव धर ना," मग तो म्हणाला. "दर रविवारी नांदगाव. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. चार वर्षांत नव्वद हजार निघतात."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. दर रविवारी! हा माणूस नांदगावला वर्षातून दोनदा जातो, दिवाळीत आणि चौदा एप्रिलला. एरवी कधी याची पाठ धरलेली असते, कधी ऊन फार असतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझी नजर मागे गेली.

आई पुढे सरकून दोन सीटच्या मधून लेकाकडे बघत होत्या. सासरे गेल्यापासून त्या नांदगावात एकट्याच राहतात. नाशिकला राहायला या म्हटलं तर येत नाहीत, पण शनिवारी फोन झाला की विचारतात, "उद्या सुट्टी असंल ना?" पुढचं विचारत नाहीत. मला ते ऐकवत नाही. मी तोंड मिटलं.

पार्किंगमध्ये परत आलो आणि बोलणी सुरू झाली.

"तीन-ऐंशी," अश्विन म्हणाला.

"नाही सर, चार-दहाच," दिनेश म्हणाला. "सर्व्हिसचे सगळे कागद दाखवलेत तुम्हाला."

अश्विनने टायर, सीटकव्हर, वायपर, कुणालाच सोडलं नाही. दिनेश हसत ऐकत होता, पण आकड्यावरून हलत नव्हता. शेवटी अश्विनने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "राहू द्या मग. चल गं, आम्ही पेट्रोलचीच बघतो." हा डाव नव्हता, तो खरंच निघाला होता. तीस हजार म्हटले की त्याचा जीव खालीवर होतो.

"अश्विन," आई म्हणाल्या, "मग पुढच्या रविवारी गावठी कोंबडा सांगून ठेवू का नको? शेजारच्या नवसाबाईला आधी सांगावं लागतं."

"आं?"

"तू म्हनलास ना आत्ता, दर रविवारी येनार."

हिशोबापुरतं बोललो होतो, हे त्याच्या ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. आईंनी हातातली कापडी पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. याने नाही म्हटलं असतं तर मी त्याला त्या पार्किंगमध्येच सोडून आले असते.

"सांगून ठेव," तो म्हणाला. मग दिनेशकडे वळला. "चार-दहा. टोकन किती देऊ?"

दिनेशच दचकला. मीही. अश्विनने घासाघीस न करता साधी कोथिंबीर घेतलेली मी पाहिलेली नाही.

तो मोबाईलवरून टोकन पाठवत होता, तेव्हा आई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"लय महाग पडली का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"पेट्रोलच्या गाडीपेक्षा नव्वद हजारांनी," मी म्हणाले.

"बरं झालं," आई म्हणाल्या. "माझ्यासाठी नाय तर नाय, ते नव्वद हजार काढायला तरी येईल."