चार नंबरचं कुलूप

खंडेनवमीला आमच्या काजूच्या कारखान्यात यंत्रांची पूजा असते. पूजा झाल्याशिवाय त्या दिवशी एकही मशीन चालू करायची नाही. पाने, हातोडे, पकडी धुऊनपुसून ताटात मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं, झेंडू वाहायचा. माल परदेशात जायला लागला तेव्हा तपासणीवाले आले आणि आम्हा देखभालीच्या सहा जणांना एकेक लाल कुलूप देऊन गेले. मशीन उघडायची तर आधी तिच्या मेन स्विचला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. म्हणजे आत हात असताना बाहेरून कोणी बटण दाबलं, तरी मशीन फिरत नाही. आमचे फोरमन महादूकाका पक्के देवभोळे. पहिल्याच वर्षी म्हणाले, "ही पण हत्यारांच. ताटात ठेवा." तेव्हापासून कुलपंही पूजेला बसतात. जीव वाचवायला दिलेली वस्तू आम्ही झेंडूखाली नेऊन ठेवली, एवढे आम्ही शहाणे.

माझं कुलूप चार नंबरचं. आकडा मीच पांढऱ्या रंगाने काढला होता.

यंदा खंडेनवमीच्या सकाळी टरफलं बॉयलरकडे नेणारा स्क्रू अडकलेला दिसला. लांब पन्हळीत फिरणारं जाड लोखंडी मळसूत्रच ते. पूजेनंतर लगेच पाळी सुरू व्हायची होती, म्हणून ते मोकळं करणं भाग होतं. मी स्विचला कुलूप घातलं, पन्हळीचं झाकण काढलं. जमालभाई मदतीला आला. तो आरोंद्याचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. हे काम मला त्यानेच शिकवलं. त्याचं स्वतःचं कुलूप आधीच ताटात गेलं होतं. नियमाने प्रत्येकाने आपापलं घालायचं, पण एकमेकांच्या कुलपावर विसंबायची आमची जुनी खोड.

"दत्ता, तू पूजेक जा," तो म्हणाला. "टरफला मी काढतंय. तुझा कुलूप आसा मा स्विचाक, मग झाला."

मी हात धुऊन गेलो. ताटात पाचच कुलपं होती. महादूकाकांचा चेहरा उतरला. "सहावा खंय? अर्धवट पूजा नको रे, वरसभर भोगूचा लागतला."

मी पळत गेलो आणि कुलूप काढून आणलं. स्विच पुढच्या शेडमध्ये; जमालभाईला सांगायचं तर मागच्या शेडपर्यंत जावं लागलं असतं. म्हटलं, अर्ध्या तासाचा तर प्रश्न, पूजा होईपर्यंत कोण मशीनला हात लावतोय? आरती संपली की साहेब प्रत्येक मशीन मिनिटभर चालवून मुहूर्त करतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. दरवर्षी करतात. साहेब बटणं दाबत निघाले तेव्हा मी खोबरं वाटत होतो.

जमालभाईचा उजवा हात कोपरापासून गेला.

हॉस्पिटलात जबाब घेतला तेव्हा तो एकच सांगत राहिला, "मी आत हात घातलंय तेव्हा दत्ताचा कुलूप होता. माझ्या डोळ्यांनी बगलंय." मग साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं आणि फोन पुढे केला. पूजेचा फोटो होता, आमच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेला. ताट, झेंडू, सहा लाल कुलपं, आणि अगदी पुढे माझा पांढरा चार.

"दत्ताराम, पूजेच्या वेळी तुझं कुलूप इथे होतं ना?"

"होतं," मी म्हणालो.

पुढे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. एक अक्षर खोटं बोललो नाही, अशी स्वतःची समजूत घालत मी बाहेर आलो. महादूकाका दाराशीच होते. कुलूप कोणी, कधी आणि कशासाठी काढलं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ते कानाशी म्हणाले. "गप रव."

मी गप राहिलो. जमाल बिनकुलपाचा आत शिरला आणि वर खोटं बोलतोय, असं कारखानाभर झालं. मूग गिळून मीही ते ऐकत होतो. त्याचा हात तर मी परत आणू शकत नव्हतो, पण त्याचा शब्द माझ्या खिशात होता आणि तो मी दाबून बसलो होतो.

चाळिसाव्या दिवशी राहवेना, तेव्हा केळी घेऊन आरोंद्याला गेलो. जमालभाई पडवीत बसला होता. उरलेल्या हाताची बोटं अजून काळी होती. काजूचं तेल कातडीतून लवकर जात नाही. त्याची बायको खतिजाभाबी चहा देऊन आत गेली.

"बरो इलंस," तो म्हणाला. "काल कंपनीचो माणूस इल्लो. कुलूप नसताना हात घातलंय म्हणान मी लिवन दिलंय. डाव्या हातान सही जमणा नाय, अंगठो दिलंय."

मी कप खाली ठेवला.

"माझाच चुकला रे. आदल्या दिसाचा कायतरी डोळ्यांसमोर इला असतला. आणि मी सगळ्यांका तुझा नाव सांगत सुटलंय. तुका किती तरास झालो असतलो. माफ कर माका."

हात त्याचा गेला आणि माफी तो मागत होता. इतकी किळस मला स्वतःची कधी आली नव्हती.

"कुलूप होता, जमालभाय," मी म्हणालो. "तू हात घातलंस तेव्हा होता. मागसून मी काढलंय. पूजेक ठेवूक."

मी सगळं सांगितलं, काकांचं, साहेबांच्या फोटोचं, माझ्या 'होतं'चं. आता थोबाडीत देईल असं वाटलं. द्यावी असंही वाटलं. पण त्याचा चेहरा चक्क उजळला.

"खतिजा!" त्याने हाक मारली. "आयकलंस? कुलूप होता! माका बरोबर दिसला होता!"

खतिजाभाबी दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"उद्या ऑफिसात मी ह्याच लिवन देतंय, भाबी," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती त्याच्याजवळ खाली बसली आणि त्याचा काळा अंगठा तिने दोन्ही हातांत घेतला.

"जेवताना घास तसोच धरून म्हणत, कुलूप होता. नमाजाक बसताना म्हणत, कुलूप होता," ती म्हणाली. "मीच तेंका गप केलंय. अल्लाक घाबरा, खोटा बोलू नका म्हटलंय. काल कागदार ह्यो अंगठो मीच धरून उठवलंय."