माझ्या पोटातला धूर

मी बोलतेय, टोर्डिसच्या अंगणात उभी असलेली लाल गाडी. नंबरपाट्या काढून नेल्यात, चार्जिंगची वायर गुंडाळून खुंटीला टांगलीय, आणि टपावर बर्फाची जाड गादी बसलीय. गल्लीतून जाणारे माझ्याकडे बघतात आणि लगेच नजर वळवतात. वळवणारच. माझ्यात बसून माणूस मेलाय.

मला घडवलं तेव्हा माझ्या अंगात दोन जीव घातले, एक विजेवरचा आणि एक पेट्रोलवरचा. बांधा बुटका, रुंद. पाय ठेवायचा अवकाश की मी सुसाट. चारही चाकांना जोर, टायरला बर्फात रुतणारे खिळे, बसण्याआधीच गरम होणाऱ्या सीटा. दुकानातला माणूस मला दाखवताना दर दोन वाक्यांनंतर ‘सुरक्षित’ म्हणायचा, आणि मलाही ते खरं वाटायचं. प्रत्येक गोष्टीसाठी माझ्याकडे घंटी होती. सीटवर नुसती बटाट्यांची पिशवी ठेवली तरी तिला पट्टा लावा म्हणून मी टुणटुण करून डोकं उठवायची.

मला हाल्वोरने घेतलं. तो इथल्या शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचा. शांत आणि नीटनेटका माणूस, पण लोक काय म्हणतील याची धास्ती मोठी. गल्लीत सगळ्यांकडे निव्वळ बॅटरीच्या गाड्या. तिकडे वर दरीत मेंढ्या पाळणारा त्याचा थोरला भाऊ ऑस्मुन डिझेलवर अडून बसलेला. डोंगरात बॅटरी गारठली की गाडी काय खांद्यावर घेऊन येणार, असं तो विचारायचा. हाल्वोरने दोघांचीही मनं राखायला मला आणलं. टोर्डिस, त्याची बायको, पहिल्याच दिवशी माझ्याभोवती फेरी मारून म्हणाली, “एक ना धड, भाराभर चिंध्या.” आणि लगेच आत बसून सीट गरम करून बघितली.

पण हाल्वोरला माझ्या दुसऱ्या जिवाची लाज वाटायची. कुणी विचारलं की सांगायचा, विजेवरची आहे. रोज न चुकता मला वायर लावायचा. महिनेच्या महिने पेट्रोलला हात लागायचा नाही. पेट्रोल असं पडून राहिलं की बिघडतं, म्हणून मधूनच माझं इंजिन आपलं आपण सुरू होई. नेमकी तेव्हाच शेजारीण कुत्र्याला फिरवत असली, तर हाल्वोर चटकन रेडिओ मोठा करायचा.

टोर्डिस हसून लोटपोट व्हायची. “अरे, पेट्रोलच प्यायलीय ना ती? दारू तर नाही प्यायली?”

दोघांचं आणखी एक भांडण होतं, काचेवरून. टोर्डिसला गाडी लागायची, म्हणून ती तिच्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची. चार्ज फुकट जातोय, लाव ती काच, असं हाल्वोर घाटाच्या प्रत्येक वळणावर म्हणायचा. तिने कधी ऐकलं नाही. खरं सांगते, मी हाल्वोरच्या बाजूची होते. आपली ऊब अशी बाहेर गेलेली कुणाला आवडेल?

गेल्या ईस्टरला आम्ही पठारापलीकडच्या आमच्या सुट्टीतल्या लाकडी घराकडे निघालो. इथे ईस्टर म्हणजे बर्फ, पिशवीभर संत्री आणि रेडिओवर रहस्यकथा. त्याशिवाय सुट्टी लागल्यासारखं वाटतच नाही. मागून ऑस्मुन त्याच्या जुन्या डिझेल गाडीत येत होता. पठाराच्या तोंडाशी वारा उठला आणि रस्त्यावरचं फाटक बंद झालं. मग नेहमीप्रमाणे बर्फ लोटणारा ट्रक पुढे आणि त्याच्यामागे सगळ्या गाड्यांची रांग, एकीने दुसरीचे लाल दिवे धरून जायचं. फाटकावरच्या माणसाने प्रत्येक खिडकीशी वाकून विचारलं, गरम कपडे आहेत का, फावडं आहे का. आणि बजावलं की रांग थांबली तरी गाडी सोडून जायचं नाही, दोन पावलांवर माणूस हरवतो.

अर्ध्या वाटेत रांग थांबली. पुढे कुणाचीतरी गाडी आडवी झाली होती. बघता बघता पुढचे लाल दिवेही दिसेनासे झाले. वारा माझ्या पाठीशी बर्फ रचत होता.

थोड्या वेळाने ऑस्मुन माझ्या अंगाला धरून धरून खिडकीपाशी आला. हातात फावडं.

“तुझी मागची धुराची नळी मोकळी करू का? माझी आत्ताच केली.”

“कसली नळी? माझी विजेवर आहे,” हाल्वोर म्हणाला.

“आत इंजिन आहे की तिला.”

“असेल. मी लावतच नाही ते. जा, गाडीत बैस तू, गारठून मरशील.”

ऑस्मुनने खांदे उडवले आणि तो मागे गेला. धाकट्या भावाला शहाणपण शिकवायचं त्याने फार पूर्वीच सोडलं होतं.

मी सगळं ऐकत होते. पट्टा नसला तर घंटी, दार उघडं असलं तर घंटी. आणि नळी बर्फाने बुजली तर वाजवायला मला कुणी घंटीच दिली नव्हती.

दोघांना ऊब देता देता माझा चार्ज संपत आला. चार्ज संपला की इंजिन आपोआप सुरू व्हावं, अशीच माझी घडण आहे. ते सुरू झालं. हाल्वोरचा हात सवयीने रेडिओकडे गेला आणि त्याने आवाज वाढवला.

“अरे, इथे कोण ऐकतंय?” टोर्डिस म्हणाली.

त्याला स्वतःचंच हसू आलं. तीही हसली. रेडिओ मात्र मोठाच राहिला आणि त्याखाली माझी घरघर दोघंही विसरली.

माझ्या धुराला मागे वाट नव्हती. तो माझ्या पोटाखाली साचला आणि फटीफटींतून आत शिरला. त्यातल्या विषारी वायूला वास नव्हता. हाल्वोर म्हणाला, डोकं दुखतंय, रिकाम्या पोटी संत्री खायला नको होती. त्याने डोळे मिटले. टोर्डिसला मळमळायला लागलं, तशी ती तोंड काचेच्या फटीशी नेऊन टेकून बसली आणि तशीच कलंडली. रेडिओवर पोलीस अधिकाऱ्याने सगळ्यांना एका खोलीत जमवलं आणि खुनी कोण ते सांगितलं. ऐकायला मी एकटीच जागी होते.

रांग हलणार म्हणून सांगायला ऑस्मुन पुन्हा आला. काच ठोकली, हाका मारल्या. हाल्वोरच्या दाराला बर्फाचा ढीग लागला होता. ऑस्मुनने टोर्डिसला तिच्या बाजूने ओढून काढलं. ती बर्फात पडली, ओकली, आणि तिचा श्वास परत आला. मग तो हाताने, फावड्याने, दिसेल तसा दुसऱ्या बाजूचा बर्फ उपसत सुटला. त्या वायूने हाल्वोरचे गाल गुलाबी झाले होते, बर्फात खेळून आलेल्या पोराचे असतात तसे. त्यामुळे तो गेलाय हे ऑस्मुनला खरंच वाटेना. डॉक्टर येईपर्यंत तो त्याला ऊठ, ऊठ म्हणत राहिला.

नंतर मला तपासलं. गाडीत काही दोष नाही, असं ठरलं. ते ऐकून मला मुळीच बरं वाटलं नाही.

ऑस्मुन मला मोडीत काढ म्हणून टोर्डिसच्या मागे लागलाय. ती हो म्हणते आणि दिवस ढकलते. या हिवाळ्यात बर्फ पडला की ती आधी दारापुढची पायरी झाडत नाही, झाडू घेऊन माझ्या मागे येते. वाकून नळीच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढते, बोट घालून बघते. परवा ऑस्मुनने ते पाहिलं.

“टोर्डिस, बंद आहे ती. पेट्रोलसुद्धा नाही तिच्यात.”

“माहीत आहे.” ती झाडतच राहिली. “तू विचारलंस तेव्हा मी शेजारीच बसले होते, ऑस्मुन. कर म्हणून मी का नाही म्हटलं?”

ऑस्मुनने पडवीतलं फावडं आणलं आणि तो दुसऱ्या बाजूने बर्फ काढायला लागला.

तुमच्या दारात माझी एखादी बहीण असेल, तर एवढंच मागते. तिच्या पोटात काय आहे त्याची लाज धरू नका. बर्फात अडकलात तर आधी तिच्या मागे जा, मग उबेत बसा. आणि कुणी फावडं घेऊन खिडकीशी आलं, तर त्याला परत पाठवू नका.

झाडून झालं की टोर्डिस हाल्वोरच्या बाजूचं दार उघडते आणि वारा आत जाऊ देते. हात गारठेपर्यंत तिथेच उभी राहते. दार उघडं राहिलं की टुणटुण करायची माझी जुनी खोड. आता अंगात चार्ज नाही, म्हणून मी गप्प आहे. असता तरी मी वाजवलं नसतं.