पाच पेल्यांची उतरंड

भूकंपानंतर लातूर दोनदा नवं झालं, पण चांगुणाबाईंच्या घरातली पाच स्टीलच्या पेल्यांची उतरंड काही हलली नाही. जमीन हलली की ती खडखडून उठवणार, हा त्यांचा हिशेब.

आता नव्या घराच्या वरच्या मजल्यावर क्लासच्या पोरांसाठी खोल्या काढायच्या होत्या. प्लॉट चांगुणाबाईंचा, म्हणून कर्जाच्या कागदावर सही त्यांची. मुदत आजच संपत होती, म्हणून बँकेचे साहेबच कागद घेऊन आले होते. बँकेला वर स्लॅब हवा होता आणि बाईंना पत्रा.

"आई, पत्र्याखाली पोरं भाजून निघतील," किशन म्हणाला.

"भाजलेलं पोरगं जित्तं तरी असतंय. माझा भाऊ छताखालीच गेला."

"ते मातीचं माळवद होतं, आपा," जलील मिस्त्री म्हणाला. "ह्यात लोखंड हाय."

"मग दाव."

खालच्या खोलीत त्यांनी उतरंड रचली. जलीलनं क्लास सुटलेली पोरं तिच्यावरच्या तयार स्लॅबवर चढवली. लोक चाळीस सांगतात, पण साठाच्या खाली नव्हतीच. सगळ्यांनी एकदम उड्या मारल्या. वरचा पेला थरथरला, कलला. पेला परत जागेवर बसला.

बाईंनी पेन घेतलं. "पण परत्येक खोलीत उतरंडीला कोनाडा पायजे. नकाशात काढा."

किशननं कपाळाला हात लावला. बँकेचे साहेब मात्र जलीलकडं वळले. "कोनाडा किती रुंद ठेवणार, मिस्त्री? आमच्या घरी सात पेले टीव्हीवर ठेवावे लागतात."