अनुभवाचा रकाना

प्यो जोंगसूचा परवाना टपालाने आला, त्या दिवशी त्याच्या बायकोने, ओकरानने, शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम उरकून येताना डुकराचं मांस आणलं आणि दारात बूट काढता काढताच हाक मारली, "मॅनेजरसाहेब आहेत का घरात?"

"मॅनेजर कसला, अजून सोसायटी कुठे मिळालीय," जोंगसू म्हणाला. पण तोंडावरचं हसू काही त्याला लपवता आलं नाही.

जोंगसू त्रेपन्न वर्षांचा होता. गोजे बेटावरच्या जहाजांच्या कारखान्यात एका ठेकेदाराकडे त्याने चोवीस वर्षं वेल्डिंगचे सांधे तपासले होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात छोटी हातोडी. पत्र्यावर टकटक करायचा आणि सांधा कुठे कच्चा राहिलाय ते नुसत्या आवाजावरून सांगायचा. मग जहाजांची कामं आटली, ठेकेदाराने गाशा गुंडाळला आणि जोंगसू घरी बसला. त्याच्याबरोबर सुटलेल्या लोकांपैकी निम्म्यांनी तळलेल्या कोंबडीची दुकानं टाकली, उरलेले टॅक्सी चालवू लागले. जोंगसूने मात्र वर्षभर विचार करून तिसरंच काहीतरी ठरवलं. प्रत्येक मोठ्या सोसायटीला परवाना असलेला मॅनेजर ठेवावाच लागतो. पाण्याच्या टाक्या, लिफ्ट, आग विझवायची साधनं, लोकांची भांडणं, सगळं त्याने बघायचं. परीक्षा अवघड होती. पण सांधे तपासणाऱ्या माणसाला हे काम जमणारच, असं त्याला मनापासून वाटत होतं.

दोन वर्षं तो सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसला. नऊला दार उघडायचं, आणि हा पावणेनऊलाच पायरीवर हजर. पहिल्या खेपेला दोन प्रश्नांनी गेला. दुसऱ्या खेपेला परीक्षेच्या आठवड्यातच त्याचा वाढदिवस आला. वाढदिवसाला शेवाळाचं सूप करायची रीत, पण ते बुळबुळीत सूप प्यायलं की परीक्षेत पाय घसरतो असं म्हणतात, म्हणून ओकरानने त्याचा वाढदिवस तसाच कोरडा जाऊ दिला. "पास व्हा, मग हंडाभर करते," म्हणाली. तो पास झाला आणि तिने खरोखरच हंडाभर केलं.

इथपर्यंत सगळं त्याने आखलं होतं तसंच झालं.

मग अर्ज सुरू झाले. प्रत्येक अर्जात नाव, वय, परवाना क्रमांक, आणि त्याखाली एक रकाना असायचा: सोसायटी व्यवस्थापनाचा अनुभव. सुरुवातीला जोंगसू तो रिकामा सोडत असे. मग परीक्षेसाठी लावलेल्या क्लासच्या मास्तरांनी सांगितलं, रिकामा रकाना म्हणजे आळशी माणूस, काहीतरी लिहा. म्हणून त्याने जहाजांची चोवीस वर्षं लिहिली. एका सोसायटीच्या समितीतल्या बाईंचा फोन आला.

"प्योसाहेब, तुमचा अर्ज छान आहे हो. पण आमच्याकडे जहाज नाहीये."

"बाई, पाइप तो पाइपच. जहाजात काय आणि इमारतीत काय."

"ते खरं. पण अनुभव सोसायटीचा हवा."

"कुणीतरी पहिल्यांदा घेतल्याशिवाय तो येणार कुठून?"

"तेही खरंच आहे," बाई समजुतीने म्हणाल्या, "पण पहिल्यांदा आमच्याकडे नको."

त्यांना नाव ठेवायलाही जागा नव्हती. चाळीस अर्ज गेले, तीन मुलाखती झाल्या. शेवटी त्याने आपल्याच भागातल्या एका सोसायटीत वॉचमनच्या जागेची चौकशी केली. तिथला मुख्य वॉचमन अडुसष्ट वर्षांचा होता. त्याने जोंगसूला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाला, "अरे, तू तर पोरगा आहेस. साठीच्या आतले आम्ही घेत नाही. टिकत नाहीत." मॅनेजरसाठी कोरा आणि वॉचमनसाठी कोवळा! बसमध्ये हे आठवून जोंगसूला हसू फुटलं. शेजारचा माणूस वळून पाहू लागला, तेव्हा कुठे ते थांबलं.

चौथी मुलाखत चिंजूच्या एका नव्या सोसायटीत होती. या वेळी कसर ठेवायची नाही, असं त्याने ठरवलं. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात तीन दिवस तो बसने तिथे गेला. आवारातून फिरला, तळघरातल्या गाड्यांच्या जागा पाहिल्या, भिंतींवरची ओल पाहिली, हात लावून, ठोकून पाहिली. चौदा जागी दोष सापडले. त्याने प्रत्येकाचा फोटो काढला, खाली कारण लिहिलं, उपाय लिहिला, आणि झेरॉक्सच्या दुकानातून त्याच्या सात प्रती बांधून घेतल्या. समितीत सात माणसं होती.

मुलाखतीत तो निळा सूट घालून बसला आणि प्रत्येकाच्या पुढ्यात दोन्ही हातांनी एकेक प्रत ठेवली. पानं उलटण्याचा आवाज येत राहिला. जोंगसूला वाटलं, छाप पडली.

चेअरमन गोरेगोमटे, पन्नाशीचे होते. त्यांनी प्रत मिटली. "हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं?"

"कुणी नाही. मीच तयारी म्हणून..."

"आमच्या आवारात तीन दिवस हिंडलात? न विचारता?"

"बाहेरूनच पाहिलं, साहेब."

"तळघर बाहेर असतं का?" कोपऱ्यातल्या बाई म्हणाल्या. "आणि हे फोटो आणखी कुणाला दाखवलेत? पुढच्या महिन्यात माझा फ्लॅट विकायचाय मला."

"कुणालाच नाही, बाई. मला वाटलं, तुम्हाला उपयोग होईल."

"झेरॉक्सवाल्याने पाहिलंच असेल की," तिसरा म्हणाला.

मग सातही जणांनी त्याला प्रती परत दिल्या नाहीत, स्वतःजवळच ठेवल्या. फोनमधले फोटो त्यांच्यासमोर पुसायला लावले. जोंगसूने एकेक फोटो पुसला. चौदावा पुसून झाल्यावर तो उठला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि बाहेर आला. कान गरम झाले होते. आपण चोर नाही, हे सांगायचं राहूनच गेलं, असं त्याला बस सुटल्यावर सुचलं.

घरी ओकरानने विचारलं, "कशी झाली?"

"चांगली. कळवतो म्हणाले."

आयुष्यात तो तिच्याशी फारसं खोटं बोलला नव्हता, म्हणून हे पहिलं जड गेलं. पुढची सोपी गेली. दर दोन-तीन दिवसांनी तो सूट घालून निघे. "आज साचनला मुलाखत आहे." "आज चांगवॉनला बोलावलंय." अर्ज करणं तर त्याने केव्हाच सोडलं होतं. तो वाचनालयातही जात नसे, कारण तिथल्या ओळखीच्या म्हाताऱ्यांनी "लागलं का काही?" विचारलं असतं. तो बंदराच्या कठड्यावर जाऊन बसायचा.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी तो तिथेच गार किंबाप, शेवाळात गुंडाळलेला भात, खात होता. मागून कुणीतरी येऊन शेजारी बसलं. ओकरान होती. शाळेत बॉयलर बिघडल्यामुळे मुलांना लवकर सोडलं होतं आणि घरी जाताना तिला कठड्यावर निळा सूट दिसला होता. तिच्या अंगाला अजून सुक्या माशांच्या रश्शाचा वास येत होता.

"आज कुठली मुलाखत?" तिने पाण्याकडे बघत विचारलं. "माशांची?"

जोंगसूने हातातला घास परत कागदात ठेवला.

"किती दिवस चाललंय हे?"

"चिंजूपासून."

"तरीच. सूटला खाऱ्या वाऱ्याचा वास येतो. चांगवॉनच्या ऑफिसात कुठून येतो खारा वारा?" मग ती एकदम चिडून म्हणाली, "आणि विकतचं कशाला खाता? मला काय डबा करता येत नाही? दिवसाला चारशे पोरांना जेवू घालते मी!"

त्याने तिला चिंजूचं सगळं सांगितलं. फोटो पुसायला लावल्याचं सांगताना त्याचा आवाज फुटला. सगळं ऐकून झाल्यावर तिने त्याच्या हातातला उरलेला किंबाप घेतला आणि स्वतः खाऊन टाकला.

"त्या लोकांच्या भिंती गळोत," ती म्हणाली. "पण उद्यापासून सूट घालून बाहेर पडायचं नाही. घरी बसा. लाज घरात वाटू दे, चालेल. बाहेर थंडी आहे."

तो घरी बसला. ते दिवस बरे नव्हते. सिओलला नोकरी करणारी मुलगी, सेबिन, फोन करून "बाबांना द्या" म्हणायची, आणि तो अंघोळीला गेलाय असं ओकरान सांगायची. दिवसातून चार-चार अंघोळी झाल्या. एकदा तर त्याने भिंतीवरचा परवाना काढून कपाटाच्या तळाशी टाकला. ओकरानने काढून पुन्हा भिंतीवर लावला. त्यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि दोन दिवस अबोला होता.

डिसेंबरात दो मालसुकताईंचा फोन आला. मालसुकताई त्याच्या क्लासमधल्या, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठ्या. पुलापलीकडे थोंगयंगला एका जुन्या, दोनशे घरांच्या सोसायटीत त्या मॅनेजर होत्या. ओळखीच्यांत त्या एकट्यांनाच लवकर जागा मिळाली होती.

"प्योभाऊ, मी सोडतेय. सात महिने झाले, आता नाही होत. जाहिरात लागायच्या आत येऊन चेअरमनना भेटा. पण खरं सांगू? शत्रूलासुद्धा बोलावू नये अशी जागा आहे."

"का, काय झालं?"

"तिसऱ्या मजल्यावर एक माणूस आहे. रोज फोन, रोज शिव्या. परवा किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर फेकला, तो हाताला लागला. समितीला सांगितलं, तर म्हणाले, त्याचा स्वभावच तसा आहे, तुम्ही मनावर घेऊ नका. सून म्हणते, झोपेत 'माफ करा, माफ करा' करते मी."

जोंगसू रात्रभर विचार करत नाही बसला. खरं तर त्याने विचार केलाच नाही, आणि याचीच त्याला नंतर लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो थोंगयंगला पोचला.

चेअरमन नो मानगी शहात्तर वर्षांचे, जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेले. अर्ज त्यांनी हातात घेतलाच नाही. "चष्मा घरी राहिला," म्हणाले आणि त्याला थेट पंपाच्या खोलीत घेऊन गेले. तिथे दोन पंप चालू होते. एक घरघरत होता.

"काय झालंय याला?"

चिंजूनंतर कुणाच्या घरातला दोष दाखवायचं त्याचं धाडस होत नव्हतं. म्हातारा वाट बघत उभा. शेवटी जोंगसूने पंपावर तळहात टेकला, डोळे मिटले.

"बेअरिंग गेलंय," तो म्हणाला. "पण आधी पाया हललाय. पाया नीट केला नाहीत, तर नवं बेअरिंगही जाईल."

"आधीच्या तिघांनी नुसतं बेअरिंग बदललं," म्हातारा म्हणाला. "शिव्या खाता येतात का?"

"जहाजाच्या कारखान्यात चोवीस वर्षं काढलीत, साहेब."

"तिथल्या शिव्या कामाच्या असतात. इथल्या बिनकामाच्या." म्हाताऱ्याने दिवा बंद केला. "सोमवारी या. वर्षाचा करार. त्यापुढचं माझ्या हातात नाही."

मालसुकताईंनी किल्ल्या दिल्या, तेव्हा त्यांच्या उजव्या हातावर पिवळा पडलेला डाग होता. जोंगसूने घरून आणलेला नाशपातींचा खोका त्यांच्यापुढे ठेवला.

"ताई, तुमच्या जागेवर बसतोय मी. बरं नाही वाटत."

"मग काय, रिकामी ठेवणार? बसा." त्यांनी डागाकडे पाहिलं आणि बाही खाली ओढली. "पण तो ओरडायला लागला की फोन कानापासून लांब धरा. मला फार उशिरा सुचलं ते."

तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने पहिल्याच दिवशी फोन केला. नाव मा ह्यंगू, घर तीनशे दोन. न्हाणीच्या छतातून पाणी टपकत होतं आणि त्याला सगळे मॅनेजर जबाबदार होते, आलेले, गेलेले आणि यायचे. जोंगसूने फोन लांब धरला. पहिला आठवडा त्याला जेवण गेलं नाही. ओकरान डबा उघडून बघायची आणि सकाळी परत भरायची. दुसऱ्या आठवड्यात त्याने पंपाचा पाया ओतून घेतला. घरघर थांबली, पण ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी सकाळी चौथ्या मजल्यावरचा जुना पाइप फुटला आणि तीनशे दोनमध्ये धबधबा सुरू झाला. त्या बाजूचा व्हॉल्व्ह कुठेच सापडेना. नकाशात पंपाच्या खोलीत दाखवला होता, तिथे कोरी भिंत होती. जोंगसूने मालसुकताईंना फोन लावला.

"लोखंडी कपाटामागे," त्या लगेच म्हणाल्या. "कपाट ओढा. डावीकडे फिरवा, जोर लावून. गंजलाय."

त्याने फोन खिशात तसाच चालू ठेवला, कपाट ओढलं, दोन्ही हातांनी चाक फिरवलं. चाक हलेना. मग कुरकुरत हललं.

"सापडला?" खिशातून आवाज आला.

"सापडला, ताई. तुम्ही कशा आहात?"

"काल मुलाखत होती कोसंगला. अनुभव किती, विचारलं. म्हटलं, सात महिने." त्या हसल्या. "म्हणाले, वर्षाचा तरी हवा होता."

जोंगसूच्या बाह्यांतून गार पाणी ठिबकत होतं. "ताई," तो म्हणाला, "परत बोलावतील तेव्हा मला सांगा. मी चेअरमनकडून तुमच्या कामाचं पत्र घेऊन ठेवतो. आजच घेतो."

"पत्राने काय होणार आहे?"

"माहीत नाही. पण घेतो."

जिन्यातून मा ह्यंगूचा आवाज येत होता. मॅनेजर कुठे मेला, असं तो विचारत होता. जोंगसूने फोन ठेवला, ओले हात पँटला पुसले आणि वर तोंड करून म्हणाला, "आलो, साहेब. पाणी बंद झालंय. बादली घेऊन आलो." आणि तो जिना चढू लागला.