भरल्या गाडीची खूण

मी एक जुनी पिकअप गाडी आहे. माझा मूळ रंग पांढरा. पण ऑस्ट्रेलियातल्या या तांबड्या मातीत पांढरं काय टिकलंय? कारखान्यातून निघाले तेव्हा शहरातल्या गुळगुळीत रस्त्यांची स्वप्नं पाहिली होती. नशिबी आली मर्डूना नावाच्या मूठभर घरांच्या गावाची मातीची धावपट्टी.

मित्रांनो, आमचा विमानतळ म्हणजे एक पत्र्याची शेड, वाऱ्याची दिशा सांगणारा कापडी मोजा आणि सगळं सांभाळणाऱ्या मर्लबाई. विमान यायच्या आधी त्या मला पट्टीवरून पळवत. कांगारू उठून बाजूला होत, मग टपाल, औषधं, दूरच्या शाळेला गेलेली मुलं खाली उतरत. पाऊस पडून गेला की मी पट्टीवर नागमोडी धावे आणि मर्लबाई उतरून माझ्या चाकांच्या खुणा पाहत. खुणा उथळ असल्या तर विमान येई, खोल असल्या तर नाही. मुलं माझ्या बॉनेटवर शाबासकीची थाप देत.

मग नवी गाडी आली. मी कुंपणाशी गेले आणि माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या.

एका वर्षी रात्रभर पाऊस कोसळला. ओढा फुगला, रस्ता तुटला, नवी गाडी पलीकडेच अडकली. त्याच सकाळी गावातल्या क्लॅरीकाकांच्या छातीत कळ आली. नर्सने औषध दिलं, पण इस्पितळ गाठायलाच हवं होतं. कुणीतरी जनरेटरची बॅटरी मला जोडली. मी खोकत खोकत सुरू झाले.

पट्टीवर धावले. खुणा उथळ उमटल्या. सगळ्यांचे चेहरे उजळले. मर्लबाई डॉक्टरांच्या विमानाला 'या' म्हणायला रेडिओकडे वळल्या, तोच काकांच्या उशाशी बसलेली त्यांची बायको डेल्मामावशी उठली.

"मर्ल, विमान रिकामं उतरणार आहे का गं?"

"मावशी, आता वेळ घालवू नका. काकांना..."

"म्हणूनच विचारते. चाक रुतलं तर हा जाईलच, आणि याला न्यायला आलेली लेकरंही जातील. गाडी भर."

आधी तीच माझ्या हौद्यात चढली. मागोमाग सगळं गाव. जाडजूड दुकानदार बार्ट चढताना मावशी म्हणाली, "इतकी वर्षं पोसलेलं पोट आज गावाच्या कामी आलं बघ."

या खेपेला पट्टीच्या टोकाशी माझी चाकं रुतली. मर्लबाईंनी विमानाला रेडिओवर थांबायला सांगितलं. मावशी गुपचूप नवऱ्यापाशी जाऊन बसली. तिचे ओठ प्रार्थनेत हलत होते.

ऊन तापलं. वारा सुटला. दुपार कलताना गाव पुन्हा माझ्यात बसलं, आणि या वेळी मातीने आम्हां सगळ्यांना पेललं. विमान उतरलं.

स्ट्रेचरवरून काका पुटपुटले, "मला एकट्याला निरोप द्यायला एवढी वरात?"

थंडीच्या दिवसांत ते त्याच पट्टीवर परत उतरले, स्वतःच्या पायांनी.

आजही मी कुंपणाशीच असते. पण दर रविवारी प्रार्थना आटोपली की मावशी येते, कोंबड्यांना हळूच उठवते आणि माझं इंजिन थोडा वेळ चालू ठेवते. मित्रांनो, तुमच्या दारातल्या जुन्या वस्तूलाही अधूनमधून असाच हात लावत जा. आणि कुणाला 'निर्धास्त ये' म्हणण्याआधी वाटेवर आपला भार टाकून पाहा. रिकाम्या चाकांची खूण नेहमी गोडच बोलते.