माझं नाव रिस्क

मी एक जुना शब्द आहे. मित्रांनो, माझं नाव रिस्क. परीक्षेला एखादा धडा सोडून देताना तुम्ही मला हसत हसत वापरता. मला मात्र माझीच भीती वाटते.

माझा जन्म कुठला, हे नक्की कोणालाच ठाऊक नाही. काही अभ्यासक म्हणतात, मी मूळचा ग्रीक. जहाजं जिथे आपटून फुटतात, त्या समुद्रातल्या कड्याचं नाव. काही म्हणतात, अरबी. म्हणजे देवानं दिलेली रोजी. पुढे इटलीच्या बंदरांत व्यापाऱ्यांनी मला मालाच्या करारांत लिहिलं. तिथून मी फ्रेंचमध्ये गेलो, मग इंग्रजीत. माझी पोर्तुगीज बहीण रिस्को माझ्याआधीच वसईला येऊन गेली असणार, पण आता तिला इथे कोणी ओळखत नाही. विम्याच्या कचेऱ्यांत माझा मोठा मान होता. खोटं कशाला बोलू, मी फुशारून गेलो होतो.

मग मी वसईच्या पाचूबंदरला, मच्छीमारांच्या वस्तीत आलो. इथे बोट निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. मरणाचं तर नावच काढत नाहीत. मी परका, म्हणून त्याऐवजी सोयीचा पडलो. गेल्या वर्षी इथला मच्छीमार बॅप्टिस्ट "थोडी रिस्क हाय, येतो" म्हणून गेला आणि आलाच नाही. तेव्हापासून कोणी मला उच्चारलं की माझा थरकाप होतो.

परवा दुपारी वादळाचा इशारा आला. बॅप्टिस्टचा धाकटा भाऊ फ्रान्सिस याची जाळी समुद्रातच लावलेली होती. ती आणायला तो निघाला, तर बायको फेलिशिया धक्क्यावर वाट अडवून उभी राहिली.

"जाळी वाहून जातील," तो म्हणाला. "एवढी रिस्क घ्यावी लागते."

"ते इंग्रजी मला नको. काय होईल ते आपल्या शब्दांत सांग, मग जा."

फ्रान्सिसनं तोंड उघडलं. मी त्याच्या जिभेवरच होतो, भीतीनं गारठलेला. त्यानं पाण्याकडे पाहिलं.

"काय बोलायला लावतेस गं?"

"तेच. बोल."

त्याला बोलता आलं नाही. त्यानं बोटीची सोडलेली दोरी पुन्हा बांधली. संध्याकाळपर्यंत जाळी वाहून गेली. फेलिशिया मात्र रात्री त्याला जेवायला वाढत होती.

मित्रांनो, मला जरूर वापरा. पण त्याआधी तुम्हाला काय म्हणायचं आहे, ते घरच्या माणसाला आपल्या भाषेत सांगून बघा. सांगताना जीभ अडली, तर त्या दिवशी घरीच थांबा.